पहिला घास मुका

समुद्र बघायला म्हणून लोक त्या शहरात जातात. आमचे हे तिथे जातात ते जेवायला. लग्नानंतर आम्ही तिथे कितीतरी वेळा गेलो असू, पण पाण्यात पाय बुडवून उभं राहिल्याचं मला एकदाच आठवतं. तेव्हाही हे मागून हाका मारत होते, की चल लवकर, मासळी संपेल.

ह्यांचं नाव झालं ते नाकामुळे. चव जिभेला कळते हा लोकांचा गैरसमज आहे, खरं काम नाक करतं, असं हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात. पेपरच्या शनिवारच्या पुरवणीत कुठे काय खावं ते हे लिहितात आणि लोक ते वाचून खरोखर तिथे जातात. पुरवणीवाले ह्यांना नाकसाहेब म्हणतात. आमच्या इमारतीतल्या बायकासुद्धा कालचं दूध, परवाचं लोणी घेऊन दारात उभ्या राहतात आणि हे वास घेऊन सांगतात, की ठेवा किंवा टाका. टाका म्हटलं की ते टाकलं जातं. उलट विचारायची कोणाची टाप नाही.

घरात आमचा एक नियम आहे. पहिला घास मुका. ताटात नवं काहीही आलं, की हे बोलेपर्यंत कोणी बोलायचं नाही आणि तोंडही वाकडं करायचं नाही. दुसऱ्याच्या मताने आपली चव बिघडते म्हणे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी खारट भाजीला 'अगंबाई' म्हणाले, तर हे ताटावरून उठायचेच बाकी राहिले. तेव्हापासून मी तोंडाचा दगड करून पहिला घास खाते. आमची मुलगीही तेच शिकली. तिच्या सासरी कितीतरी दिवस सगळ्यांना वाटत होतं, की सूनबाईंना आपल्याकडचं काहीच आवडत नाही.

गेल्या हिवाळ्यात ह्यांना ताप आला. साधाच ताप, आला तसा उतरला. त्यानंतर एकदा मी बाजारातून आले तर जिन्यातच करपल्याचा वास. धावत वर गेले. स्वयंपाकघरात दुधाच्या भांड्याचा कोळसा झालेला, आणि हे पलीकडच्या खोलीत खुर्चीत बसून निवांत वाचतायत. मला बघून म्हणाले, आलीस का, चहा टाक जरा.

माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. विचारलं तर अंगावर आले, सर्दी झालीय म्हणाले. ती सर्दी उन्हाळा लागला तरी हटेना. मग एक दिवस गॅसची नळी सुटलेली असताना हे काडी ओढायला निघाले. मी हातावर फटका मारून काडेपेटी पाडली, तर मलाच विचारलं, वेड लागलंय का तुला? पण लेख मात्र दर शनिवारी येत होता, आणि झकास येत होता. कुठला रस्सा किती उकळला, कुठलं तेल दुसऱ्यांदा वापरलं, सगळं बरोबर. त्यामुळे मी आपली गोंधळलेली. नाक गेलेला माणूस असं लिहील कसं?

म्हणून पुरवणीवाल्यांनी ‘समुद्रकाठी दोन दिवस’ असा मोठा लेख मागितला, तेव्हा मी लगेच माझीही पिशवी भरली. मला मासे नको होते. ह्यांचं नाक शाबूत आहे की गेलं, एवढंच मला बघायचं होतं. गेलं असेल तर ते ह्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. ज्याला गॅसचा वास येत नाही तो एक दिवस स्वतःचा जीव घेईल, नाहीतर माझा. आणि ज्याच्या शब्दावर लोक खातात, त्याचं नाक गेलं असेल तर किती जणांचा घेईल ते सांगता येत नाही.

लॉजवाल्याने पहिल्या मजल्यावरची खोली दिली. दार उघडताच मी पदर नाकाला लावला. भिंतीतल्या कपाटामागे उंदीर मरून पडला असणार, तो गोडसर, घशात बसणारा वास आला. हे आत गेले, खिडकी उघडली, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, “वा, काय खारी हवा आहे.”

मी दारातच उभी होते. खोली बदलून घेऊ या असं मी म्हणाले, तेव्हा ह्यांनी पटकन वळून माझ्याकडे पाहिलं. माझा पदर पाहिला. मग म्हणाले, हो हो, मीही तेच म्हणणार होतो, जरा कुबटच आहे. कुबट! मेलेल्या उंदराला कोणी कुबट म्हणत नाही. मी पिशवी उचलली आणि दुसरी खोली मागायला खाली गेले.

दुपारी बंदराच्या रस्त्यावरच्या एका खानावळीत जेवायला बसलो. एरवी हे पहिला घास डोळे मिटून खात. देवासमोर बसल्यासारखे बसत आणि मला हसू दाबावं लागे. त्या दिवशी ह्यांचे डोळे उघडे होते, आणि ते माझ्यावर होते. मी चमचा तोंडात घातला की हे माझ्याकडे बघत, मग चावत, मग बोलत. तापानंतर हे लेखासाठी जातील तिथे मला आग्रहाने बरोबर का नेत होते, ते आता कळलं. इतकी वर्षं मी तोंडाचा दगड करत आले, पण दगडालाही तडे असतात आणि नवऱ्याला ते पाठ असतात.

मग मी एक खोडी केली. रस्सा अगदीच बेचव होता, मासा उकळून उकळून चोथा झालेला. मी भुवया उंचावल्या आणि घाईघाईने दुसरा चमचा घेतला. हे लगेच म्हणाले, “ताजा आहे. गोडी आहे बघ कशी.” नंतर तळलेला मासा आला. तो इतका सुरेख होता, की एरवी मी बोटं चाटली असती. पण मी घास तसाच ठेवला आणि पाणी प्यायले. ह्यांनी ताटली बाजूला सारली. वाढप्याला बोलावून सांगितलं, की तेल जुनं आहे, पूर्वीचं राहिलं नाही इथे काही. वाढपी बिचारा खालमानेने आत गेला. थोड्या वेळाने आतून आचारी येऊन पडद्याआडून आमच्या टेबलाकडे बघून गेला.

मला वाटलं होतं, पकडल्यावर मला बरं वाटेल. बरं कसलं! एका माणसाची सकाळपासूनची मेहनत मी दोन घोट पाण्याने मातीत घातली होती. आणि समोर माझा नवरा रुमालाने मिशा पुसत बसला होता. त्याला काही म्हणजे काही कळलेलं नव्हतं.

संध्याकाळी समुद्राच्या कठड्यावर बसलो. वारा पडला होता. पाणी तेलासारखं जड दिसत होतं आणि क्षितिजावर काळपट पट्टा जमला होता. लोक फिरत होते, पण नेहमीसारखी गडबड नव्हती. मी आडवळण न घेता विचारलं, नाक कधीपासून गेलं? हे आधी हसले. मग चिडले. मग मी रश्श्याचं आणि माशाचं सांगितलं. तेव्हा तोंड फिरवून समुद्राकडे बघायला लागले.

“तापानंतर,” शेवटी म्हणाले. “जीभ आहे, खारट गोड कळतं. बाकी सगळं कापूस खाल्ल्यासारखं.”

डॉक्टरांना गुपचूप दाखवून आले होते. परत येईलही किंवा नाहीही, असं त्यांनी सांगितलं होतं. मी म्हटलं, मग लिहिणं थांबवा, पुरवणीवाल्यांना सांगा, माणसाला होतं असं, त्यात लाज कसली. त्यावर हे माझ्याकडे वळले. ह्यांचा असा चेहरा मी फक्त सासूबाई गेल्या तेव्हा पाहिला होता.

“नाक काढलं तर मी कोण गं? पेन्शन घेणारा एक म्हातारा. मला कोण बोलावेल, कोण विचारेल? तुझा चेहरा आहे ना मला. तुझ्या चेहऱ्यावरून मला अजून सगळं कळतं.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. खरं सांगायचं तर मी सुखावलेसुद्धा. इतकी वर्षं माझ्या जिभेला ह्या घरात कवडीची किंमत नव्हती, आणि आता सगळं शहर शनिवारी सकाळी माझं मत वाचत होतं, ह्यांच्या नावाने का होईना. हा लेख तेवढा होऊ दे, म्हणाले. उद्याचा दिवस. मग मी स्वतः पुरवणीवाल्यांना फोन करीन, तुझी शपथ. मी कबूल झाले. खुणाही ठरवल्या. चांगलं असेल तर मी मान किंचित हलवायची. वाईट असेल तर दोन्ही हात टेबलाखाली घ्यायचे. लहान मुलांच्या खेळासारखं वाटलं आणि दोघंही हसलो.

आम्ही उठलो तेवढ्यात सगळ्या शहरातले दिवे गेले. कठड्यावरच्या लोकांनी एकदम ‘अरे’ केलं. दिवे येतील म्हणून सगळे थोडा वेळ जागच्या जागी उभे राहिले. दिवे आले नाहीत.

रविवारी सकाळीही वीज नव्हती. कुठेतरी मोठी वाहिनी जळाली म्हणे, दुपारपर्यंत येईल असं लॉजवाला सांगत होता आणि वहीने स्वतःला वारा घालत होता. आम्ही बंदरावर गेलो. बर्फाच्या कारखान्याचं फाटक बंद, बाहेर हातगाड्या ओळीने रिकाम्या उभ्या. मासळीवाल्या बायकांनी टोपल्यांवर ओली पोती टाकली होती आणि त्या पुन्हा पुन्हा पाणी शिंपडत होत्या. एरवी त्या बंदरावर कान किटतात, त्या दिवशी सगळ्यांचे आवाज खाली होते. आणि वास. मासळीबाजाराचा वास मला ठाऊक आहे, तो अंगावर येतो तसा निघूनही जातो. हा जात नव्हता. गल्लीत, दुकानात, बंद शटरच्या फटीतून, सगळीकडून तो येत होता. शहरभरातले सगळे फ्रीज एकाच वेळी आतल्या आत गरम होत होते. मांजरंसुद्धा टोपल्यांपासून लांब बसली होती.

आणि त्यातून आमचे हे पाठीमागे हात बांधून, नव्या नवरदेवासारखे ऐटीत चालले होते. ओळखीचे लोक नमस्कार करत होते. कोणी म्हणालं, नाकसाहेब, आज तुमचे हाल हो, कसला वास सुटलाय. ह्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि नाक मुरडून म्हणाले, विचारू नका. इतकं सहज, की मलाच क्षणभर खरं वाटलं. मला त्या क्षणी ह्यांची भीती वाटली. माणूस खोटं बोलतो ते वेगळं, आणि खोट्यात घर करून राहतो ते वेगळं.

मी म्हटलं, आज कुठेच खायला नको. चहा-पाव घेऊ आणि दुपारची गाडी पकडू. हे ऐकेनात. बंदराच्या टोकाला एक खानावळ होती, तिच्या मालकीणबाईंकडे जेवल्याशिवाय त्या शहरातून निघायचं नाही असा ह्यांचा शिरस्ता. बाईंचा नवरा गेला तेव्हा ती जागा बंद पडायला आली होती. ह्यांनी लेख लिहिला आणि पुढच्याच रविवारी दारात रांग लागली. तेव्हापासून बाई ह्यांच्या शब्दाला देववाणी मानत. माझ्या जावांपैकी कोणी कधी केली नसेल अशी सरबराई त्या माझी करत.

आम्ही गेलो तेव्हा खानावळ बाहेरच्या लोकांना बंद होती. बंदर कचेरीतल्या एक बाई निवृत्त झाल्या होत्या, त्यांच्यासाठी मंडळींनी जेवण ठरवलं होतं. आत लांब टेबलाभोवती सगळे बसले होते. कचेरीतले लोक, त्यांच्या बायका, निवृत्त बाईंचे यजमान, आणि त्यांच्या मांडीवर पायात लाल बूट घातलेली एक नात. ती चमच्याने टेबल वाजवत होती आणि कोणी तिला अडवत नव्हतं. आम्हाला मालकीणबाईंनी ओटीवरचं छोटं टेबल दिलं. मी समुद्राकडे पाठ करून बसले. आता जरा वारा सुटला होता आणि तो माझ्या पाठीमागून आत जात होता. सकाळपासून पहिल्यांदा मला मोकळा श्वास घेता आला.

तेवढ्यात मालकीणबाई आतून आल्या. हातात वाडगा, वर फडकं. पहाटेपासून चुलीपुढे उभ्या असाव्यात, डोळे लाल झाले होते. वीज नाही, आत काळोख आणि उकाडा, म्हणून त्यांनी मागे अंगणात लाकडं पेटवून रांधलं होतं. लगबगीने ह्यांच्या शेजारी वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, साहेब, एक काम आहे. शिंपल्या काल दुपारीच आणून ठेवल्या होत्या, बर्फ होता तोवर होता. निम्म्या टाकून दिल्या. ह्या बऱ्या वाटल्या म्हणून रश्श्यात घातल्या, पण मन खात नाही.

“माझं नाक धुराने मेलंय, आणि आज सगळीकडेच वास. तुम्ही सांगा. तुम्ही टाका म्हणालात तर आत्ता ओतून देते, भात आणि अंडी वाढीन सगळ्यांना. पोरंबाळं आहेत हो.”

त्यांनी फडकं काढलं आणि वाडगा ह्यांच्या नाकापुढे धरला. ह्यांनी डोळे मिटले, खोल श्वास घेतला, अगदी पूर्वीसारखा. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

आता इथे काय झालं ते नीट सांगते, कारण त्यानंतर मी ते हजार वेळा उगाळलं आहे. वाडगा ह्यांच्या पलीकडे होता. वारा माझ्या पाठीमागून होता. माझ्यापर्यंत काही म्हणजे काही आलं नव्हतं. मला वाटलं, हे मला विचारतायत, की काय करू, सांगू का हिला खरं? सांगून टाकू का, की मला वास येत नाही? आणि मला इतकं हायसं वाटलं, इतकी दया आली ह्यांची, की मी मान हलवली. हो, सांगा, अशी.

ह्यांना वाटलं, मी वास घेतला.

“बिनधास्त वाढा,” हे म्हणाले. “एकदम ताज्या आहेत.”

बाईंचा चेहरा असा उजळला, की काय सांगू. त्यांनी एक ताटली भरून ह्यांच्यापुढे ठेवली, साहेबांचा मान पहिला, म्हणाल्या, आणि वाडगा घेऊन आत जायला निघाल्या. जाताना तो माझ्या तोंडासमोरून गेला.

लसूण, मिरची, धूर, आणि त्या सगळ्याच्या खाली तो. लॉजवरच्या पहिल्या खोलीतला. गोडसर, घशात बसणारा.

मी म्हटलं, अहो, खराब आहेत. हे माझ्याकडे बघतच राहिले. तूच तर मान हलवलीस, म्हणाले. मी वास घेतलाच नव्हता, मला वाटलं तुम्ही खरं सांगताय, असं मी सांगितलं. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आत पातेलं उचलल्याचा आवाज आला, ताटल्या मांडल्याचा आवाज आला. मी उठायला लागले तर ह्यांनी टेबलाखाली माझं मनगट धरलं. ह्यांनी जन्मात कधी माझा हात असा धरला नव्हता.

“गप्प बस. आता शब्द फिरवला तर ती विचारेल, मघाशी कसं कळलं नाही. थोडी पोटं बिघडतील, दुसरं काय? शिजवलेलं आहे.”

माशाला एकदा माफ करावं, शिंपलीला कधीच नाही, असं ह्यांनीच लिहिलं होतं. बिघडलेल्या शिंपलीने माणूस संध्याकाळपर्यंत आडवा होतो, आणि उकळून विष जात नाही, हेही ह्यांनीच. आत ती पोर चमचा वाजवत होती. मी हात हिसडून सोडवला आणि आत गेले.

मालकीणबाई पहिल्या ताटलीत डाव घालत होत्या. मी म्हटलं, वाढू नका, शिंपल्या खराब आहेत. त्या हसल्या. साहेबांनी बघितल्या की हो, म्हणाल्या. तेव्हा मी सगळ्यांच्या देखत बोलले. आवाज चढवला नाही, पण टेबलाच्या टोकापर्यंत ऐकू गेला.

“ह्यांना वास येत नाही. हिवाळ्यापासून येत नाही. ह्यांना काही कळत नाही.”

हे माझ्या मागोमाग दारात येऊन उभे राहिले होते. हातात त्यांची ताटली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. साहेब, असं एवढंच म्हणाल्या. आणि माझा नवरा हसला. सगळ्यांकडे बघून, एखाद्या बैठकीत किस्सा सांगताना हसतात तसा.

“सकाळपासून भांडण झालंय आमचं. मनावर घेऊ नका. वाढा तुम्ही.”

टेबलावरचे पुरुष हसले. बायकाही हसल्या, जरा उशिराने. निवृत्त बाई मला म्हणाल्या, बसा हो, आमच्याकडेही रोजचंच आहे. कोणीतरी ताटली पुढे सरकवली आणि बाईंनी पुन्हा डाव उचलला. मी वितंडवाद घालत बसले असते तर पहिली पंगत वाढून झाली असती. मी पातेल्याचे दोन्ही कान पदरात धरले आणि ते उपडं केलं.

रस्सा फरशीवर पसरला, टेबलाखाली गेला, शिंपल्या खडखडत लोकांच्या पायांत गेल्या. लाल बूटवाली पोर रडायला लागली. माझ्या पोटऱ्यांवर चटके बसले ते मला नंतर कळलं. कोणी म्हणालं, डोकं फिरलंय. कोणी म्हणालं, वास तर येतोय खरा. त्यावर दुसरं कोणी म्हणालं, तो वास सकाळपासून गटाराचा येतोय. मालकीणबाई तोंडाला पदर लावून फरशीकडे बघत होत्या. पहाटेपासूनची त्यांची मेहनत तिथे पडली होती. मग त्या रडत रडतच ह्यांच्याकडे वळल्या.

“साहेब, तुमच्या तोंडून सांगा. खराब होत्या का? खराब होत्या तर माझं काही म्हणणं नाही. तुम्ही फक्त सांगा.”

सगळे ह्यांच्याकडे बघत होते. आता कोणाच्या जिवाला धोका उरला नव्हता. एक शब्द पुरे होता. नुसती मान खाली घातली असती तरी चाललं असतं. त्या बाईंनी तिथेच ह्यांचे पाय धरले असते, मी जन्मभर ह्यांच्या ताटात माझ्या जिभेने वाढलं असतं.

हे दारातल्या खुर्चीवर बसले. ताटली मांडीवर घेतली. फरशीवर सांडायची राहिलेली तेवढी एकच ताटली होती.

“खाऊनच दाखवतो,” हे म्हणाले.

मी अहो म्हणाले. ह्यांनी एक शिंपली उघडली, आतलं मांस बोटाने सोडवलं आणि तोंडात टाकलं. खोलीत कोणी हललं नाही. पहिला घास होता, कोणी बोललं नाही. चावता चावता ह्यांनी नजर वर केली आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. आपण काय खातोय ते कळायला ह्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

मी दगड करायचा प्रयत्न केला नाही. माझ्या तोंडावर जे होतं ते सगळं ह्यांना दिसू दिलं. ह्यांच्या जबड्याची हालचाल मंदावली, थांबली. ह्यांना कळलं. इतकं पक्कं कळलं, की नाक असताना कधी कळलं नसेल.

मग ह्यांनी तो घास गिळला, वा म्हणाले, आणि दुसरी शिंपली उचलली.